ओट्यावरचा कब्जा

आमच्या गल्लीत माझ्या ओट्याइतका मोकळा ओटा दुसरा नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे विनय दाखवायची गरज उरत नाही. ओटा साधाच आहे, काळ्या कडप्प्याचा, खिडकीपासून फ्रिजपर्यंत गेलेला. त्याच्यावर शेगडी आहे आणि शेगडीशिवाय काही नाही. मिठाची बरणी नाही, मिक्सर नाही, ओलं फडकं नाही, चहाचा उष्टा कप तर नाहीच नाही.

शेजारच्या तेलुगू बाई रोज सकाळी भिंतीपलीकडून विचारतात, "वंट अयिंदा, अक्का?" स्वयंपाक झाला का, हा त्यांच्याकडचा नमस्कारच आहे. मी "अयिंदी" म्हणते. पण पहिल्यांदा त्या चिंच मागायला घरात आल्या तेव्हा ओट्याकडे पाहून त्यांचा माझ्यावरचा विश्वासच उडाला. डाळ, भात, भाजी, भाकरी सगळं तयार होतं, फक्त खालच्या कपाटात झाकून ठेवलेलं होतं. एकेक पातेलं उघडून दाखवलं तेव्हा कुठे त्यांना पटलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

मी आदिलाबादला महसुलाच्या ऑफिसात नोकरी करते. निजाम जाऊन कितीतरी पिढ्या झाल्या, पण त्याचे शब्द आमच्या ऑफिसातून उठायला तयार नाहीत. दरखास्त, पहाणी, तामील, कब्जा, बेदखल हेच दिवसभर कानावर पडतं, आणि घरी आल्यावर ओट्याविषयी बोलताना माझ्या तोंडून तेच निघतं. नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "आमच्या घरी ओट्याची पहाणी होते. मालक आई, आन् ही तलाठी." लोक हसतात. पण ते खरंच आहे. ओटा माझ्या सासूबाईंच्या मालकीचा आहे आणि त्यावरचा बेकायदा कब्जा हटवणं माझ्याकडे आहे.

पूर्वी हा ओटा असा नव्हता. नवरा नेरडीगोंड्याच्या शाळेत शिक्षक, रोज मोटारसायकलनं जातो-येतो. घरी आला की हेल्मेट ओट्यावर. त्याच्या शेजारी मिक्सर, लोणच्याच्या बरण्या, गोळ्यांची पाकिटं, मोबाइलचा चार्जर, विजेचं बिल, बाजारातून आणलेल्या पिशव्या. पोळी लाटायची तर आधी कोपरानं सगळं मागं सारायचं आणि उरलेल्या वीतभर जागेत लाटायची. मला त्याचं काही वाटत नसे. सगळ्यांच्या घरी तसंच असतं.

सासूबाई भीमपूरकडच्या. जन्मभर कापसाच्या आणि ज्वारीच्या शेतात राबल्या आणि चुलीपुढं बसून रांधलं. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा हा उभा ओटा पाहून म्हणाल्या होत्या, "उभ्यानं रांधते का कोनी? गाडी सुटून राह्यली का तुमची?" पण आठवडाभरात त्यांनी ओटा ताब्यात घेतला. परात बाजूला ठेवली आणि कडप्पा धुऊन थेट त्याच्यावरच भाकरी थापायला लागल्या. तळव्याचा दगडावर पडणारा तो आवाज आमच्या घराचं घड्याळच झाला. तो सुरू झाला की नवरा आंघोळीला पळायचा.

मग त्यांना काचबिंदू झाला. झाला म्हणजे कधीचा होता, त्यांनी सांगितलंच नाही. दाणा-दाणा निवडणारी बाई तांदळात खडे ठेवायला लागली तेव्हा आम्हाला संशय आला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळा. आहे ती फारशी नव्हतीच. खिडकीतला उजेड कळायचा आणि समोर कोणी उभं आहे एवढं कळायचं.

तरी त्या रांधत होत्या. एका सकाळी मी घाईत कुकर शेगडीवरून उतरवला आणि ओट्याच्या कडेला ठेवला. त्यांनी पीठ घ्यायला हात लांब केला आणि मनगट कुकरला टेकलं. फोड मोठा आला. नवरा म्हणाला, "आई, आता तू बस. लय केलं तू आमच्यासाठी." पुढे जे झालं ते सगळ्यांच्या भल्यासाठी झालं आणि कोणाचंच भलं झालं नाही. सासूबाई बसल्या. हॉलमधल्या दिवाणावर दिवसभर बसायच्या. ताट हातात दिलं की अर्धं जेवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मले बसवून ठेवलं काऊन? पाय तं चांगले हायेत माहे."

मी तिखट बाई आहे. मला कोणाची कीव करता येत नाही, चटकन राग येतो. मला त्यांच्या डोळ्यांचा राग आला, नवऱ्याच्या काळजीचा राग आला आणि सगळ्यांत जास्त राग त्या ओट्याचा आला. नजर गेली होती, पण हात कुठे गेले होते? अडत होतं ते आमच्या पसाऱ्यामुळे.

एका रविवारी नवरा बाजारात गेलेला असताना मी ओटा मोकळा केला. मिक्सर खाली, बरण्या भिंतीतल्या फळीवर, गोळ्या कपाटात, चार्जर हॉलमध्ये. हेल्मेट मोरीच्या खिळ्याला टांगलं. कडप्पा चिंचेनं घासला, पुसला आणि सासूबाईंना हाताला धरून आणलं. त्यांनी खिडकीपाशी तळवा टेकवला आणि सरकवत सरकवत फ्रिजपर्यंत नेला. कुठेच काही लागलं नाही. परत खिडकीपर्यंत आणला. मग माझ्याकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "काऊन वं, ओटा वाढवला का तुमी?"

त्यांनीच मग जागा ठरवल्या. मीठ कुठे, तेल कुठे, सांडशी कोणत्या खिळ्याला, लायटर कोणत्या. त्या सांगतील तिथे मी खिळा ठोकला. पहिले काही दिवस मी त्यांना चिकटून उभी असायची. नंतर त्यांनी कोपरानंच मला ढकललं. तव्यावर तळवा धरून तो तापला की नाही ते त्या ओळखायच्या. भाकरी फुगली की ती वाफ सोडते, तेवढा आवाज त्यांना पुरायचा. करपलेली भाकरी मी त्यांच्या हातची अजून खाल्लेली नाही. माझ्या हातची आठवड्यातून एखादी असतेच.

पण मोकळा केलेला ओटा मोकळा राहत नाही, हे ज्यानं कोणी ओटा मोकळा केलाय त्याला माहीत असतं. सपाट जागा दिसली की माणसाचा हात आपोआप रिकामा होतो. नुसतं 'ठेवू नका' म्हणून भागेना. मग मी घरात एक नियम लावला. ओट्यावर काहीही ठेवा, पण ठेवलंत तर त्याच्यावर हात ठेवून उभं राहायचं. ते उचलेपर्यंत हात काढायचा नाही. कप ठेवला, हात कपावर. दुधाचं पातेलं ठेवलं, हात पातेल्यावर. हात दुसरीकडे लागणार असेल तर वस्तू आधी खाली ठेवा. मला पाव्हण्यारावळ्यांनी वेड्यात काढलं. नवरा डबा ओट्यावर ठेवायचा, एक हात डब्यावर आणि दुसऱ्या हातात फोन, आणि मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी ओरडायचा, "मी हात ठेवून उभा हावो ना! कब्जा नाही करून राह्यलो!"

हळूहळू सगळ्यांना ते अंगवळणी पडलं. आता तर नवरा शाळेतल्या टेबलावरसुद्धा कप ठेवून त्याच्यावर हात ठेवतो म्हणे, आणि बाकीचे मास्तर हसतात. हसू देत.

खरी परीक्षा भाद्रपदात आली. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. आमच्याकडे म्हणजे सासूबाई जिथे रांधतात तिथे. पहिल्या संध्याकाळी ज्वारीची भाकर आणि अंबाडीच्या भाजीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी पुरणाचा मोठा स्वयंपाक. ती भाकर घरातल्या मोठ्या बाईनं थापायची असते. मोठे दीर मंचेरियलला असतात, कोळशाच्या खाणीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, स्वयंपाकघर असं की फोटो काढावा. त्यांचा फोन आला. म्हणाले, "आईले आता दिसत नाही. यंदापासून महालक्ष्म्या आमच्याकडं राहू द्या. तिथं बाया हायेत रांधाले." बोलले ते मायेनंच. त्यांचा आईवर जीव आहे, हे मी कधी नाकारलं नाही. पण महालक्ष्म्या गेल्या असत्या तर त्यांच्याबरोबर सासूबाईंचं रांधणंही गेलं असतं. ज्या बाईच्या हातची भाकर देवीला चालत नाही, तिला रोज तरी तव्यापाशी कोण उभं करेल? ती पुन्हा दिवाणावर बसली असती, आणि या वेळी उठली नसती.

सासूबाईंनी फोन मागून घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "तू ये. पाह्य. मंग ठरव." दीर कबूल झाले. या वर्षी इथे, नीट पार पडलं तर इथेच, नाहीतर पुढच्या वर्षापासून मंचेरियल.

महालक्ष्म्या यायच्या त्या दिवशी मी अर्धी रजा टाकली होती. दीर आणि जाऊबाई सकाळीच पोहोचले होते. दुपारी मी फुलांची पिशवी घेऊन फाटकापाशी आले आणि आतून पितळेचं भांडं पडल्याचा मोठा आवाज आला. चपलांसकट मी स्वयंपाकघरात धावले.

ओट्याचा आठवडी बाजार झाला होता. तांदळाचे, ज्वारीचे, डाळींचे डबे, साखरेची बरणी, तेलाचं पिंप, पितळेचे गुंड, तांबे, एकावर एक रचलेली पातेली. खिडकीपासून फ्रिजपर्यंत बोट ठेवायला जागा नव्हती. एक गुंड खाली लोळत होता आणि ज्वारीचं पीठ सगळ्या फरशीवर पसरलं होतं. सासूबाई मधोमध उभ्या होत्या. दोन्ही हात पुढे, हवेत. पिठाची परात त्यांनी नेहमीच्या भरवशानं ओट्यावर ठेवायला नेली होती आणि ओटा तिथे नव्हता. आता हात कुठे टेकावेत ते त्यांना कळत नव्हतं. त्यांना मी तसं कधी पाहिलेलं नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आलं की माझा राग दुप्पट होतो.

दीर आणि माझा नवरा मखराचे दिवे सोडून धावत आले. दीर म्हणाले, "याच्यासाठीच म्हनत होतो मी. आज पीठ सांडलं, उद्या उकळतं पुरन सांडलं तं? पुढच्या सालपासून मंचेरियल. झालं आता."

"भाऊजी, आधी विचारा हा बाजार मांडला कोणी?" मी म्हणाले.

मांडला होता जाऊबाईंनी. मी ऑफिसात, सासूबाई आंघोळीला, तेवढ्या वेळात. आणि खोडी काढायला नव्हे. महालक्ष्म्या येतात तेव्हा मुखवटे हातात घेऊन त्यांना घरभर फिरवायचं असतं. प्रत्येक खोलीत थांबून विचारायचं, इथं काय आहे, आणि घरच्यांनी सांगायचं, इथं धान्य आहे, इथं कपडालत्ता आहे. घर भरलेलं दाखवायचं, म्हणजे वर्षभर भरलेलं राहतं. जाऊबाई स्वयंपाकघरात आल्या, त्यांना तो उघडा ओटा दिसला आणि त्या तो भरायला लागल्या. कपाटातले डबे त्यांनी काढले, मंचेरियलहून स्वतः घासून आणलेली पितळी भांडी मांडली. आता त्या दारात उभ्या होत्या आणि डोळे भरून आले होते. म्हणाल्या, "रिता ओटा दाखवाचा का बाप्पा महालक्ष्म्यांले? आमच्या मायनं असं कधी केलं नाही."

त्यांचं चुकलं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. पण तेव्हा माझं तोंड सुटलेलं होतं. "हा कब्जा आहे," मी म्हणाले, "आणि तो आत्ताच्या आत्ता बेदखल होईल." एरवी या वाक्यावर घर हसतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

"भांडू नोका," सासूबाई म्हणाल्या. हात अजून तसेच होते, आवाज मात्र शेतात मजुरांना हाक मारायचा तो. "मोठे, तुहं बराबर हाये. घर भरलेलंच दाखवाचं असते. पन भरलेलं सारं खालीच तं असते आपलं. कपाटाचे दारं उघडे ठेव, दिसते तिले. वरचं काढा. लायने, दुसरं पीठ घे."

मोठी म्हणजे जाऊबाई, लायनी म्हणजे मी. दोघी कामाला लागलो. पहिला डबा मी उचलला, दुसरा जाऊबाईंनी. तिसरा दिरांनी उचलला, कारण ते नुसते उभे राहिले असते तर फारच दिसलं असतं. पितळेची भांडी जाऊबाईंनी खालच्या कप्प्यात अशी रचली की दार उघडं असलं की सगळी चमकावीत. मी पीठ पुसून काढलं, कडप्पा धुतला. सासूबाईंनी तळवा खिडकीपासून फ्रिजपर्यंत नेला, परत आणला, आणि मग त्यांचे खांदे खाली आले.

त्यांनी पीठ मळलं. दीर पाण्याचा ग्लास घेऊन जवळच उभे होते, परीक्षा घेणाऱ्यासारखे. त्यांनी ग्लास ओट्यावर ठेवला तशी माझ्या नवऱ्यानं आवाज दिला, "दादा, हात!" दिरांना काही कळेना. नवऱ्यानं त्यांचा हात धरून ग्लासवर ठेवला आणि नियम सांगितला. दीर माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू आमच्या घरात सगळ्यांनाच काहीतरी झालं आहे.

मग थापण्याचा आवाज सुरू झाला. भाकर वाढत गेली, कडेनं पातळ, गोल. सासूबाईंनी ती दोन्ही तळव्यांवर उचलली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. त्यांच्या उजव्या हाताला पाणी लागलं, मीठ लागलं, उलथनं लागलं, आणि प्रत्येक वेळी हात सरळ तिथेच गेला. भाकर फुगली, सासूबाईंनी मान जराशी कलती करून ती वाफ ऐकली आणि उतरवली. पहिली भाकर नैवेद्याची. दुसरी त्यांनी मोडून थोरल्या पोराच्या हातावर ठेवली. दिरांनी ती कोरडीच खाल्ली, उभ्यानं, दुसरा हात ग्लासवर ठेवून. मी तोंड फिरवलं, कारण मला हसूही येत होतं आणि दुसरंही काही येत होतं. इतका अभिमान मला माझ्या नोकरीचाही कधी वाटलेला नाही.

दिवेलागणीला महालक्ष्म्या आल्या. दारापासून कुंकवाची पावलं काढली होती. एक मुखवटा जाऊबाईंच्या हातात, एक माझ्या. पुढे नवरा ताट वाजवत होता, मागे दीर नारळ घेऊन. बाहेरची खोली झाली, आतली झाली, मग आम्ही स्वयंपाकघरात आलो. खालची सगळी दारं सताड उघडी होती. डबे दिसत होते, पितळ झळकत होतं. वर ओटा पूर्ण मोकळा, नुकताच पुसलेला.

"इथं काय हाये?" जाऊबाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

आम्ही धान्य सांगणार होतो. पण सासूबाई पुढे आल्या. त्यांनी तळवा कडप्प्यावर टेकवला आणि मुखवट्यांकडे तोंड करून, शेजारणीशी बोलावं तसं म्हणाल्या, "पाह्य बाई, इथं मले दिसते."

ताट वाजायचं थांबलं. जाऊबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि मुखवटा ओट्यावर टेकवला, मीही माझा त्याच्या शेजारी टेकवला. दोघींना ऐसपैस जागा होती. आमचे हात मुखवट्यांवर होते, हे सांगायला नको.

"आई," मागून दीर म्हणाले. "पुढच्या साली आमी एक दिवस आधीच येतो. भाजी निवडाले."

सासूबाईंनी मान डोलावली. मी वळून पाहिलं. दिरांनी नारळ ओट्याच्या टोकाला ठेवला होता. कोणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांचा हात त्या नारळावर घट्ट होता.